बिल्डरनं काम अर्धवट ठेवलंय, घर गळतंय: तक्रार तडीस न्यायची कशी

कोल्हापुरात बिल्डर कधी परका नसतो, हीच पहिली अडचण. तो मेव्हण्याच्या मित्राचा भाऊ असतोय, नाहीतर आपल्याच तालमीतला, नाहीतर पोरीच्या वर्गातल्या कुणाचा तरी बाप. त्यामुळं बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय, गॅलरीचं दार लागत नाही, कबूल केलेली लिफ्ट अजून आलीच नाही, काहीही असलं तरी रस्त्यात भेटल्यावर आपण हसत हसतच म्हणतो "तेवढं बघा की", तो पण हसत म्हणतोय "होऊन जाईल की, काय काळजी करू नका", चहा होतो आणि दोन पावसाळे निघून जातात. मी बरीच वर्षं साइट सुपरवायझर होतो, आता ताबा घ्यायच्या आधी लोकांची घरं तपासून देतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. बिल्डरच्या ऑफिसात माणूस आधी कुणाकडं पाठवायचा हे कोण जास्त ओरडलं त्यावर ठरत नाही, कुणाचा कागद आलाय त्यावर ठरतं. तोंडी तक्रार त्यांच्या हिशेबात तक्रारच नसते. तेव्हा खाली जे काय सांगतोय ते सगळं एकाच कामासाठी आहे, बोलणं कागदावर आणायचं, आणि तेही संबंध न तोडता.

आधी हे बघा की समोरचा माणूस कायद्यानं तुमचा कोण लागतो. अपार्टमेंटमधला फ्लॅट नाहीतर स्कीममधलं रो-हाऊस घेतलं असेल तर तो प्रमोटर, म्हणजे स्कीम बांधून विकणारा, आणि प्रोजेक्ट महारेरात (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणारी राज्याची यंत्रणा) रजिस्टर असेल तर २०१६ चा रेरा कायदा सरळ लागू. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं नाव टाकलं की रजिस्ट्रेशन नंबर, मंजूर नकाशा, काम पूर्ण करायची कबूल केलेली तारीख आणि ती पुढं ढकलली असेल तर ते पण दिसतं, फुकटात, ते सगळं डाउनलोड करून ठेवा. पण जागा ५०० चौरस मीटरच्या आत असेल (म्हणजे ढोबळ पाच गुंठे) किंवा फ्लॅट आठच्या वर नसतील तर रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, आणि आपल्या पेठांमधी जुना वाडा पाडून तेवढ्याच जागेत उभी केलेली अपार्टमेंट बरीचशी याच मापात बसतात. तिथं रेरा रेरा म्हणून बोंब मारून उपयोग नाही, ग्राहक आयोगाकडं (म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी चालवणाऱ्या कोर्टाकडं) जायचं. तिसरा प्रकार म्हणजे कळंबा, पाचगाव, उचगाव अशा बाजूला स्वतःचा प्लॉट घेतलाय आणि कॉन्ट्रॅक्टरला लेबर रेटनं (मटेरियल आपलं, मजुरी त्याची) किंवा मटेरियलसकट बंगला बांधायला दिलाय. हा प्रमोटर नाही, याला रेरा नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधी घरबांधणी ही 'सेवा' धरलीय, त्यामुळं हा पण आयोगात येतोच.

अजून एक, जागामालक आणि डेव्हलपर यांनी फ्लॅट निम्मे निम्मे वाटून घेतलेल्या स्कीम आपल्याकडं लई आहेत. अशा ठिकाणी डेव्हलपर म्हणतो मालकाला विचारा, मालक म्हणतो मी फक्त जागा दिली. रेराच्या व्याख्येत बांधणारा आणि विकणारा वेगळे असले तरी दोघंही प्रमोटर, आणि जबाबदारी दोघांची मिळून. नोटिशीत दोघांची नावं घाला, टोलवाटोलवी बऱ्यापैकी थांबते.

आता यादी. अर्ध्या तक्रारी इथंच मरतात, कारण लोक लिहितात "काम एकदम बोगस आहे". यावर कुणी काय करायचं? खोलीवार जायचं, आणि सगळ्याचे तीन गट पाडायचे: कबूल केलेलं पण झालंच नाही ते, झालं पण चुकीचं झालं ते, आणि आपल्याला नुसतं आवडलं नाही ते. तिसरा गट खोडून टाका. पेंटचा शेड फिका वाटतो, टाइलचं डिझाइन जावेच्या घरातल्यासारखं नाही, हे यादीत राहिलं की बिल्डर नेमकं तेच पुढं करून "यांचं काय कधी समाधानच होत नाही" म्हणतो आणि गळक्या टॉयलेटची तक्रार पण त्यात वाहून जाते.

तपासायला मोठं काय लागत नाही. ओळंबा, टेप, टॉर्च, एक नाणं, बादली, आणि एखादा ओळखीचा इलेक्ट्रिशियन. नाणं फरशीवर आणि बाथरूमच्या भिंतीच्या टाइलवर वाजवत जायचं, जिथं आवाज पोकळ येतो तिथं खाली माल नीट भरलेला नाही, ती टाइल आज ना उद्या सुटणार, तिच्यावर खडूनं फुली मारून फोटो काढा. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका मारला की गिलाव्याचा उंचसखलपणा लगेच दिसतो, दिवसा समोरून कधी दिसत नाही. डीबीमधल्या (घरातला मेन स्विचचा डबा) आरसीसीबीचं, म्हणजे शॉकपासून वाचवायला लाइट तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून बघा, लाइट गेली पाहिजे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, कारण सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे त्याच्या मागं वायर आहेच असं नसतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पाण्याचं मात्र सविस्तर सांगतो, कारण कोल्हापूरच्या पावसात दहातल्या सात तक्रारी पाण्याच्याच असतात (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठल्या सर्व्हेचा नाही). बाथरूमच्या खाली ओल दिसते तेव्हा पाणी तीनपैकी एका ठिकाणाहून येतं: फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमधून, सांडपाण्याच्या पाइपच्या जॉइंटमधून, नाहीतर भिंतीतल्या नळाच्या लाइनमधून. कुठून ते शोधायची सोपी पद्धत अशी. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जायचं भोक) तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कापड घट्ट बसवायचं, उंबऱ्याच्या खाली राहील इतपत पाणी फरशीवर भरायचं, पाण्याच्या पातळीला भिंतीच्या टाइलवर पेन्सिलनं रेघ मारायची, शेजारी तारीख आणि वेळ लिहून फोटो काढायचा, आणि दार लावून चोवीस तास कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही. घरात एकच बाथरूम असेल तर हेच सगळ्यात अवघड काम आहे, सासूबाईंना आधी सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या चांगलंच खाली गेलं असेल आणि खालच्या छताला डाग आला असेल तर वॉटरप्रूफिंग गेलंय. दोन-चार मिलिमीटर हवेत उडतं, ते धरू नका. पाणी आहे तिथंच आहे पण बोळा काढून पाणी सोडल्यावर खाली ठिबकायला लागलं तर ट्रॅपचा नाहीतर पाइपचा जॉइंट. आणि बाथरूम कोरडं ठेवून, सगळे नळ बंद करून सुद्धा ओल वाढतच राहिली तर नळाची लाइन, ती प्लंबरकडून प्रेशर देऊन तपासायची. एवढा खटाटोप करायचं कारण म्हणजे बिल्डरचा माणूस येऊन टाइलच्या फटीत व्हाइट सिमेंट भरून जातो, आणि या तिन्हीतला एकही आजार व्हाइट सिमेंटनं बरा होत नाही. कागदावर कारण लिहिलेलं असलं की ती मलमपट्टी त्याला करता येत नाही.

गच्चीचं पण तसंच, पाइपची तोंडं बांधून पाणी कोंडायचं आणि दोन दिवस खालून छत बघायचं. गच्चीवर डबकी साचत असतील तर कोब्याला (गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थराला) उतार नाही, मग वरून कितीही केमिकल कोटिंग मारा, दोन वर्षांनी परत तेच.

भेगांना घाबरून जाऊ नका पण सगळ्याच हसण्यावारी पण नेऊ नका. गिलाव्यावर जाळ्यासारख्या बारीक रेघा म्हणजे बहुतेक वेळा पाणी मारण्यात कंजुषी केलीय. वीट आणि कॉलम किंवा बीम जिथं मिळतात तिथं सरळ रेघेत फट म्हणजे गिलाव्याखाली कोंबडी जाळी लावलेली नाही. हे दोन्ही कुरूप आहेत, धोक्याचे नाहीत, पण दोष म्हणून यादीत येतात. खुद्द कॉलमला किंवा बीमला भेग, सळीच्या रेषेत तडा आणि त्यातून गंजाचा तांबूस डाग, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंद होत जाणारी भेग, असं काही दिसलं तर यादी बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. भेग वाढतीय का ते बघायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लॅस्टरनं चिकटवून तारीख लिहायची, काच तडकली म्हणजे भेग अजून चालू आहे.

इथं आपल्या मातीचं आणि नदीचं बोलायला पाहिजे. नदीकडच्या बाजूला काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं पायऱ्या, कंपाउंड, पोर्चची फरशी मुख्य घरापासून सुटते. "काळ्या मातीला आम्ही काय करणार" हे बिल्डरचं ठरलेलं उत्तर, पण माती काळी आहे हे पाया काढतानाच त्याला दिसलेलं असतं, आणि त्याप्रमाणं पाया घेणं हेच तर त्याचं काम. तसंच २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलेल्या भागात खालच्या मजल्यावरची प्रत्येक ओल "पुराची आहे" म्हणून उडवून लावतात. पुराच्या पाण्याची खूण सगळ्या भिंतींवर एका उंचीला आडवी असते, गळतीचा डाग एका ठिकाणापासून पसरत जातो, वरून खाली नाहीतर कोपऱ्यातून बाहेर. फोटो काढताना लांबून सगळी भिंत येईल असा एक आणि जवळून टेप लावून एक, म्हणजे हा वाद तिथंच मिटतो.

यादीतला एक मुद्दा साधारण असा दिसला पाहिजे:

"मुद्दा ४. मागची बेडरूम, पश्चिमेची भिंत, खिडकीच्या खालचा डावा कोपरा. ओल जमिनीपासून २ फूट उंच, रुंदी ३ फूट, पोपडे सुटलेत. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दिसली. फोटो ७, ८, ९. अपेक्षा: पावसाळ्यात या भिंतीला ओल येता कामा नये."

अपेक्षा कशी लिहिलीय बघा. "बाहेरून अमुक कंपनीचं केमिकल मारा" असं लिहू नका, कारण मग तो तेवढंच मारतो, भिंत परत ओली होते, आणि म्हणतो तुम्ही सांगितलं तसं केलं की. कसं करायचं ते त्यानं ठरवू दे, आपण फक्त काय व्हायला पाहिजे ते धरून बसायचं.

यादीसोबत कागद: रजिस्टर करार आणि त्याच्या मागं जोडलेलं स्पेसिफिकेशनचं पान (इथंच लिहिलेलं असतं कुठल्या दर्जाची फिटिंग, कुठली टाइल), मंजूर नकाशा, पैसे भरल्याच्या पावत्या, ताबा पावती, आणि ते गुळगुळीत ब्रोशर. ब्रोशर रद्दीत घालू नका, रेराच्या कलम १२ प्रमाणं जाहिरातीवर विसंबून नुकसान झालं तर त्याची भरपाई मागता येते, क्लब हाऊसचं रंगीत चित्र सुद्धा पुरावा असतो. ताबा अजून घेतला नसेल तर लईच बरं, ताबा पावतीवर "सर्व काम समाधानकारक, कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं असतं, त्याच्या खाली हातानं "सोबतच्या यादीतील त्रुटी वगळून" लिहून मगच सही करा. किल्ली मिळायच्या आनंदात तिथं कुणाचं लक्ष नसतं. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, जुना फोन पण विकू नका. १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणं चॅटच्या प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागतं, वकील ते करून देतो, पण मूळ चॅट फोनमधी असेल तर काम सोपं होतं.

आणि एक स्वतंत्र इंजिनिअरचा रिपोर्ट, लेटरहेडवर, फोटोसकट, दुरुस्तीच्या अंदाजी खर्चासकट. बिल्डरनं सुचवलेला इंजिनिअर नको. याची फी द्यायला लोक का कू करतात, पण तुमचं म्हणणं आणि इंजिनिअरचं म्हणणं यात आयोगासमोर जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एवढं झाल्यावर पहिलं पाऊल नोटीस नाही, भेट. बिल्डरला किंवा त्याच्या सुपरवायझरला घरी बोलवा, यादीची एक कॉपी त्याच्या हातात द्या आणि मुद्द्यामागून मुद्दा फिरवा. आवाज चढवू नका. त्याच संध्याकाळी असा मेसेज टाका: "नमस्कार साहेब, आज सकाळी आपल्या सुपरवायझरसोबत फ्लॅट बघितला. यादीतले १ ते ९ मुद्दे त्यांनी मान्य केले. १० आणि ११ तुम्ही स्वतः बघून सांगणार आहात. काम १० तारखेला चालू करतो म्हणाले. यात माझं काही चुकत असेल तर सांगा." समोरून नुसता अंगठा आला तरी काम झालं. काहीच आलं नाही तरी वाया जात नाही, कारण त्यानं नाकारलं पण नाही. फोनवर झालेलं प्रत्येक बोलणं असंच संध्याकाळी दोन ओळीत लिहून पाठवायची सवय लावून घ्या. यात भांडण कुठं आहे? उलट माणूस व्यवस्थित आहे म्हणून तो पण जरा जपून बोलतो.

तारीख उलटली की मग नोटीस. रेराच्या कलम १४(३) प्रमाणं ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत स्ट्रक्चरमधी, कामाच्या दर्जात किंवा सोयींमधी दोष दाखवून दिला तर बिल्डरनं ३० दिवसांच्या आत, जादा पैसा न घेता तो दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर भरपाई. वकिलाकडून पाठवली तर वजन पडतं, पण स्वतः पाठवली तरी चालते:

"प्रति, (फर्मचे नाव, सर्व भागीदार व जागामालक). विषय: फ्लॅट क्र. ... मधील अपूर्ण व सदोष कामे दुरुस्त करून मिळणेबाबत. महोदय, दि. ... च्या नोंदणीकृत करारानुसार वरील फ्लॅटचा ताबा आपण मला दि. ... रोजी दिला. सोबतच्या यादीतील दोष आढळून आले असून फोटो व अभियंत्यांचा अहवाल जोडला आहे. रेरा कायदा २०१६, कलम १४(३) नुसार हे दोष ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यावेत. काम सुरू करण्याची तारीख ७ दिवसांत लेखी कळवावी, त्या दिवशी फ्लॅट उघडा ठेवण्याची जबाबदारी माझी राहील. मुदतीत काम न झाल्यास योग्य त्या ठिकाणी दाद मागेन व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील."

फ्लॅट उघडा ठेवायचं वाक्य काढू नका. "आम्ही माणसं पाठवली होती, घर बंद होतं" हे उत्तर आम्ही ऑफिसात बसून कितीतरी वेळा लिहिलंय. नोटीस पोस्टानं पोचपावतीसकट पाठवा, आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच घातलंय तेव्हा स्पीड पोस्टला पोचपावती मागायची, आणि तीच पीडीएफ ईमेल, व्हॉट्सॲपवर पण. लिफाफा "घेण्यास नकार" म्हणून परत आला तर फोडू नका, तसाच फाइलला लावा.

या काळात बाथरूम फोडू नका, गॅलरी आत घेऊ नका, किचनचा ओटा हलवू नका. महारेराच्या नमुना करारातच आहे की बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय असले बदल केले आणि त्यातून पाझर लागला तर दोषाची जबाबदारी संपते. इंटिरिअरवाल्याला तीन महिने थांबवा, तो काय पळून जात नाही. अगदीच तातडीचं असेल, वायरिंगमधून शॉक बसतोय किंवा खालच्यांच्या डोक्यावर पाणी पडतंय, तर आधी फोटो, व्हिडिओ, इंजिनिअरची भेट, बिल्डरला मेसेज की अमुक दिवशी मी स्वतः करून घेतोय, आणि मग दुरुस्ती, बिलं जपून.

प्लॉटवरच्या बंगल्याचं गणित वेगळं असतं. तिथं कॉन्ट्रॅक्टर बहुतेक वेळा स्लॅब पडल्यावर गायब होतो, कारण स्लॅबपर्यंतच्या हप्त्यात त्याला पैसा सुटतो आणि गिलावा, फिनिशिंग हे कटकटीचं, कमी पैशाचं काम. पुढच्या साइटचा ॲडव्हान्स मिळाला की माणसं तिकडं. रागाच्या भरात लगेच दुसरा गवंडी घालू नका, एकदा दुसऱ्याचा हात लागला की कुणी किती केलं हे देवाला पण सांगता येणार नाही. आधी मोजमाप: इंजिनिअर आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांसमोर, तो येत नसेल तर तसं त्याला लेखी कळवून त्याच्या माघारी, किती ब्रास बांधकाम झालं, किती गिलावा, साइटवर सळी, सिमेंट, वाळू किती पडलीय, सगळं लिहून व्हिडिओ करून घ्यायचं. मग दिलेले पैसे एका बाजूला, झालेलं काम दराप्रमाणं दुसऱ्या बाजूला. त्याला पंधरा दिवसांची लेखी मुदत द्यायची, कामावर ये नाहीतर करार संपला आणि उरलेलं काम दुसऱ्याकडून करून जादा लागणारा पैसा तुझ्याकडून घेणार म्हणून. रोख दिलेल्या पैशाची पावती नसते ही कोल्हापूरची जुनीच दुखणी, पण "आज स्लॅबपोटी दोन लाख दिले" एवढा मेसेज त्याच वेळी टाकला असेल आणि त्यानं ओके म्हटलं असेल तर तीच पावती. काम अजून चालू असेल तर शेवटचा पाच-दहा टक्के हप्ता एक पावसाळा काढल्याशिवाय देणार नाही असं आत्ताच लिहून घ्या, चांगला कॉन्ट्रॅक्टर याला कुरकुर करतो पण तयार होतो, जो एकदम उसळतो त्याच्याबद्दल काय समजायचं ते समजा.

नोटिशीनं हललं नाही तर वर जायचं. महारेराची तक्रार ऑनलाइन, फी ५,००० रुपये. ताबाच दिला नाही तर कलम १८ प्रमाणं पैसे व्याजासकट परत, किंवा घर पाहिजेच असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज, हे व्याज महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वात वरच्या एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के. खटल्याआधी समेट घडवायचा मंच पण महारेरात आहे, त्यात बिल्डर बसायला तयार झाला तर आधी तो घ्या. जिना, गच्ची, लिफ्ट, ड्रेनेज अशा सगळ्यांच्या तक्रारी एकट्यानं लढवू नका, सोसायटीच्या किंवा सगळ्या फ्लॅटधारकांच्या नावानं करा.

ग्राहक आयोगात, दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, तो इथं कोल्हापुरातच आहे. फी रकमेप्रमाणं, ५ लाखांपर्यंत काहीच नाही आणि २० ते ५० लाखांना १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही, तरी इंजिनिअरचा रिपोर्ट आणि उलटतपासणी असेल तिथं असलेला बरा. कायद्यात निकालाची मुदत तीन ते पाच महिने लिहिलीय, प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त धरून चाला. मुदतीचं मात्र पक्कं लक्षात ठेवा, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि "करतो करतो" म्हणणारे काही जण नेमकी हीच दोन वर्षं घालवत असतात. भोगवटा प्रमाणपत्रच (इमारत राहायला योग्य आहे असा सरकारी दाखला) मिळवून दिलं नसेल तर गोष्ट वेगळी, समृद्धी को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या केसमधी सुप्रीम कोर्टानं २०२२ साली सांगितलंय की ते न देणं ही चालूच राहणारी चूक आहे. रेरातला प्रोजेक्ट असला तरी आयोगाचं दार बंद होत नाही, पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडं एकदम जाऊ नका. माझं मत विचाराल तर ताबा, उशीर, व्याज असेल तर महारेरा, गळती आणि दर्जाचं असेल तर जिल्हा आयोग, कारण तारखेला साक्षीदार नेणं, भिंतीचा फोटो हातात देणं हे इथल्या इथं होतं. कुठं जायचं तेच कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बांधकाम मंजूर नकाशापेक्षा वेगळं झालं असेल, पार्किंगमधी दुकान निघालं असेल, तर महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज, शहराबाहेरच्या ४२ गावांत असाल तर कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडं. पण महापालिका तुमची गळती काढून देणार नाही, तिचं काम नकाशापुरतं, तिथं खेपा घालून लोक दमतात. पोलिसांत गेलात तर बहुतेक "ही दिवाणी बाब आहे" ऐकून परत याल, एकच फ्लॅट दोघांना विकला किंवा खोटे कागद दाखवले असला फसवणुकीचा प्रकार असेल तरच तो रस्ता. आणि कुठल्या तरी दादाला मधी घालून दम द्यायचा आपला जो रिवाज आहे, त्यानं माणूस एकदा येतो, दोन बादल्या माल लावतो, फोटो काढतो आणि जातो, वर दादाचा उपकार आपल्या डोक्यावर. नगरसेवक किंवा तालमीतला वडीलधारा माणूस मध्यस्थ म्हणून बसवायला हरकत नाही, फक्त बैठक संपताना ठरलेलं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या पाहिजेत.

तक्रार दाखल झाली की बऱ्याचदा बिल्डरचा फोन येतो, मिटवू म्हणून. मिटवा, त्यात कमीपणा नाही, वर्षभर तारखा मारण्यापेक्षा घर कोरडं झालेलं केव्हाही चांगलं. फक्त "आधी केस मागं घ्या, मग माणसं पाठवतो" याला हो म्हणू नका. ठरलेलं सगळं, कुठलं काम, किती तारखेपर्यंत, पुढं किती पावसाळ्यांची हमी, नाही झालं तर किती रक्कम, हे तडजोडपत्र म्हणून आयोगासमोर किंवा महारेरासमोरच दाखल करून त्यावर आदेश घ्या. मग त्यानं परत हात वर केले तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, थेट अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. ग्राहक कायद्याच्या कलम ७२ प्रमाणं आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि रेराच्या आदेशातली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी कलेक्टरमार्फत वसूल होते. दुरुस्ती उन्हाळ्यातच करून घ्या, आणि काम चालू असताना कोबा उकरलेला, जाळी लावलेली, पाइपचा नवा जॉइंट, हे सगळं झाकायच्या आधी फोटो काढा. काम पूर्ण झाल्याचा कागद तो लगेच मागेल, त्यावर जूनचा पाऊस पडून गेल्यावरची तारीख पडू दे.